तोड्यांसकट वजन

परवा साखरेच्या डॉक्टरांनी मला विचारलं, "आजी, जन्माच्या वेळी तुमचं वजन किती होतं?" सत्तरीच्या उंबऱ्यावर बसलेल्या बाईला विचारायचा हा प्रश्न! डॉक्टर माझ्या नातवाच्या वयाचा. मोशीत जिथं आमचं कांद्याचं वावर होतं तिथं आता उंच इमारत झाली आहे, आणि तळमजल्यावर, साधारण आमची विहीर होती त्या जागी, त्याचा दवाखाना आहे. मी म्हटलं, "डॉक्टर, आमच्या वेळी मुलगी झाली की वजन करत नसत, सुस्कारा टाकत." तो हसला, पण पेन उघडून बसलाच. मग सांगितलं, "आमची आजी म्हणायची, मला सुपात निजवलं तरी शेजारी शेंगा निवडायला जागा उरायची." त्यानं मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. सुपाचं वजन त्यानं किलोत कसं बसवलं, त्याचं त्याला ठाऊक. पण घरी येताना माझ्या मनात ते सूप काही केल्या खाली ठेवलं जाईना, म्हणून हे प्रकरण लिहायला बसले.

सूप आजीचं होतं. घरातलं सगळंच आजीचं होतं. आबा तिचा मुलगा, म्हणजे तिचे. आई तिची सून, म्हणजे जास्तच तिची. मी आणि दादा ही त्या दोघांवर मिळालेली वाढ. आजीच्या पायात चांदीचे भरीव तोडे होते. ती चालली की ते घोट्यावर आपटून टण्‌ टण्‌ वाजत, आणि त्या आवाजावर घर चालायचं. तोडे माजघरातून निघाले की आईचा भाकरी थापायचा हात भरभर चाले, दादा विडी विझवी, आणि मी आरशासमोरून उडी मारून जात्यापाशी जाऊन बसे. आरशासमोर मी काय करत असे, ते सांगायला आता लाज नाही. सिनेमातल्या नट्या बारीक असतात आणि मीही बारीक आहे, एवढ्या पुराव्यावर मी स्वतःला देखणी ठरवून टाकलं होतं. हात म्हणजे तुरीच्या काटक्या, गालात दोन खड्डे, वेणी मात्र गाढवाच्या शेपटीसारखी जाड. गल्लीत मला 'काटकी' म्हणत. सुमन हे नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर होतं.

मी अशी का, याचं उत्तर आजी अभिमानानं द्यायची. आमच्याकडं जुनी रीत होती. बाईला सातवा सरला की तिचं ताट आखडायचं. पोटभर खाल्लं तर बाळाला जागा कुठून उरणार, आणि बाळाचं डोकं मोठं झालं तर ते बाहेर कसं येणार, असा सरळ हिशेब. आईला माझ्या वेळी अर्धी भाकरी आणि वर ताक एवढंच मिळालं. आल्यागेल्याला आजी सांगायची, "सुपातनं शेंगदाना पडावा तशी पडली बगा पोरगी. सुईन चहा प्याली आन्‌ गेली, एवढंच काम." ऐकणाऱ्या बायका माना डोलवत. आई चुलीपाशी असे. तिची पाठ आमच्याकडं असे.

तर मी अठराची झाले त्या वर्षी मला बघायला तळेगावचे लोक आले. मुलाचं पिठाच्या गिरणीत काम होतं. त्याच्या आईनं माझं मनगट धरलं आणि भेंडी कोवळी आहे का निबर, ते बघतात तसं वाकवून बघितलं. कांदेपोहे झाले, दुसऱ्यांदा झाले, मग त्या म्हणाल्या, "पोरगी बरी हाय. पर अंगात काय न्हाई. जरा भरू द्या, दिवाळी झाल्यावर परत येतो." आजीला हे असं लागलं की तिनं तोडे पायातच राखेनं घासून लखलखीत केले. दुसऱ्या दिवसापासून माझं भरणं सुरू झालं. सकाळी खारकेची पूड घातलेलं दूध, मग तुपात भिजलेला डिंकाचा लाडू, दुपारी गूळ-तूप-भाकरीचा काला, संध्याकाळी केळी. आईला अर्धी भाकरी मोजून देणाऱ्या हातानं मला तिसरा लाडू वाढला जात होता, आणि यातली गंमत तेव्हा कुणाच्याच ध्यानात आली नाही. मी तर खुशीत होते. पण अंग भरायचं तर ते सगळीकडून भरावं की नाही? माझे हातपाय जसेच्या तसे काटक्या राहिले आणि पोट तेवढं गणपतीसारखं पुढं आलं. आजी पोटाला हात लावून म्हणायची, "लागतंय, लागतंय." दादा म्हणायचा, "आजे, काटकीला मडकं बांधलंय तू."

मला तळेगावला जायचं नव्हतं. गिरणीवाल्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. तो बिचारा सगळा वेळ स्वतःच्या चपलांकडं बघत बसला होता. पण सकाळी नाशिक रोडवर बसथांब्यापाशी भोसरीच्या कंपनीतल्या बायका उभ्या असत. सगळ्यांच्या निळ्या साड्या, खांद्याला पर्स, आणि मनगटावर घड्याळ. त्या मोठ्यानं हसायच्या. बायकांना रस्त्यात असं हसता येतं हेच मला नवीन होतं. दादा त्याच कंपनीत फिटर होता. तिथं विजेच्या मीटरचे बारीक भाग जुळवायला मुली घ्यायचे, आणि दादानं माझं नाव दिलं होतं. बोटांची परीक्षा मी पास झाले. राहिली होती ती डॉक्टरी तपासणी, आणि त्यात वजनाची एक रेघ होती. रेघेखालच्या मुली परत. म्हणजे बोटं बारीक पाहिजेत आणि बाई जाड!

आबांनी गोठ्यात, म्हशीच्या आडोशाला उभं राहून मला शब्द दिला. "कंपनीनं घेतली तर मी लग्नाचं नाव काढनार न्हाई. न्हाई घेतली तर दिवाळीनंतर तळेगाव. आन्‌ हे आईला सांगू नगंस." आई म्हणजे आजी. पन्नाशीचा माणूस, बैल शिंगाला धरून वळवायचा, पण त्या टण्‌ टण्‌ला भ्यायचा. तर असं ठरलं. आजी मला तळेगावसाठी भरत होती आणि मी तिचेच लाडू खाऊन गुपचूप भोसरीसाठी भरत होते. आपण फार हुशार आहोत असं मला वाटत होतं. त्या वयात मला ते बऱ्याचदा वाटायचं.

तपासणीच्या दिवशी देवळात जाते असं सांगून मी दादाच्या सायकलवर मागं बसले. दादाकडं फौजेत भरती झालेल्या मित्राची युक्ती होती. काट्यावर चढायच्या आधी केळी खायची आणि जमेल तेवढं पोटात ओतायचं. नाशिक रोडवर घुंगरांचं रसवंतीगृह लागलं. चरक फिरायचा, घुंगरं वाजायची आणि माझ्यासमोर उसाच्या रसाचा पेला यायचा. "अजून एक," दादा म्हणायचा. मी प्यायचे. "अजून एक, तळेगाव आठव." मी तळेगाव आठवून प्यायचे. शेवटी रसवाला म्हणाला, "भावा, पोरगी हाय का टँकर?" उरलेल्या रस्त्यात सायकल खड्ड्यातून गेली की माझ्या पोटातून असा आवाज यायचा की पुढचा बैलगाडीवाला वळून बघायचा.

काट्यानं मला पास केलं. सुई रेघेच्या वर जाऊन थोडी हलली आणि तिथंच राहिली. खोलीबाहेर उभ्या दादाला मी खिडकीतून डोळा मारला. कंपनीच्या डॉक्टरीणबाई उंच, पांढऱ्या केसांच्या, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी मला एक बाटली दिली आणि पडद्यामागं पाठवलं. बाटली भरायला माझ्याइतकी तयार मुलगी त्या कंपनीनं पाहिली नसेल. कंपाउंडरनं त्यातलं थोडं निळ्या औषधात घालून दिव्यावर तापवलं. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि मग छान विटकरी. मला वाटलं, या रंगाची साडी काय शोभेल! कंपाउंडर मात्र बाईंकडं बघत म्हणाला, "बाई, साखर."

बाईंनी चष्मा वर केला. "काय खाऊन आलीस?" मी खोटं बोलणार होते. पण तेवढ्यात मला जोराची ढेकर आली आणि खोलीभर ऊस दरवळला. मी सगळं सांगून टाकलं, केळ्यांपासून टँकरपर्यंत. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अगं, एवढा रस मीही पिऊ शकते. माझ्या लघवीत साखर येणार नाही. तुझ्या आली. तुझ्या अंगाला गोड पेलत नाही. आता परत काट्यावर चढ बघू." मी चढले. बाटली भरून झाली होती आणि सुई रेघेच्या खाली. बाई म्हणाल्या, "गोड एकदम बंद. भाकरी, डाळ, उसळ, भाजी, अंडी. रोज चाल, काम कर. महिन्यानं ये. त्या दिवशी आधी बाटली, मग काटा." जाताना त्यांनी आणखी एक विचारलं, "तू पोटात असताना तुझी आई नीट जेवत होती का?" मी म्हटलं, "आजीला विचारून सांगते." केवढी मी हुशार!

आता झाली अडचण. गोड खाल्लं तर बाटली नापास करणार, नाही खाल्लं तर काटा. आणि लाडू का खात नाही हे आजीला सांगायचं कसं? दोन दिवस मी लाडू म्हशीला चारले. तिसऱ्या दिवशी म्हैस लाडवाच्या वासानं आजीच्या मागं मागं स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली आणि गुपित फुटलं. आजीनं सगळं ऐकलं, भोसरी, काटा, बाटली. मला वाटलं, आता तोडे माझ्या डोक्यावर वाजणार. पण तिला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. "मुतात साखर? माज्या नातीच्या? त्या डाक्टरनीला काय कळतंय! साखर आसती तर मुंग्या लागल्या आसत्या!"

आणि तिनं तपासणी सुरू केली. परसात लिंबाखाली मुंग्यांचं वारूळ होतं. आजीनं एका फरशीवर गुळाचा खडा ठेवला, शेजारच्या फरशीवर माझ्याकडून नमुना घेतला, मध्ये स्वतः मिशेरी लावत बसली. मला आधी बळजबरीनं लाडू खाऊ घातला होता, कारण तिच्या लाडूवर तिचा विश्वास होता. मी लाजेनं गोठ्यात तोंड लपवून बसले. थोड्या वेळानं तोडे वाजले, पण हळू. मुंग्या दोन्हीकडं आल्या होत्या. आजी दारात उभी राहून म्हणाली, "सुमे, त्या बाईला कळतंय."

तिनं मला नावानं हाक मारली तेव्हा मी खरी घाबरले. संध्याकाळी जेवताना मी बाईंचा शेवटचा प्रश्नही सांगून टाकला. आजी एकदम खुलली. "मंग सांगायचं न्हाई का? अर्धी भाकरी दिली व्हती म्हनावं, म्हनून तर शेंगदान्यासारखी..." आणि ती आपली नेहमीची गोष्ट सांगू लागली. ती सुईणीच्या चहापर्यंत आली असेल, तेव्हा चुलीकडं तोंड करून बसलेली आई, मागं न बघता, भाकरी उलटत म्हणाली, "पर भूक लई लागायची, आत्याबाई."

एवढंच. आई सासूला आत्याबाई म्हणायची, आणि 'बरं' सोडून तिच्यापुढं बाकी काही बोलल्याचं मला आठवत नाही. आबांचा घास हातातच राहिला. दादा पाण्याचा तांब्या उगीच इकडून तिकडं सरकवत बसला. आईनं भाकरी फुगवली, टोपलीत टाकली, दुसरी थापायला घेतली. मग आजीनं आपल्या ताटातली भाकरी उचलली, चुलीपाशी गेली आणि आईच्या मांडीशी ठेवली. "आदी जेव," म्हणाली, "मंग थाप." त्या दिवसाआधी आमच्या घरात आई सगळ्यांच्या आधी जेवली होती का, मला सांगता येणार नाही.

पुढचा महिना आजीनं माझा ताबा घेतला. लाडवाचा डबा माळ्यावर गेला. हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, दोन अंडी. अंडी घरात आजीला चालत नसत, म्हणून मला ती गोठ्यात खावी लागत आणि म्हैस आशेनं बघत राही. वर इंद्रायणीवरून पाण्याच्या घागरी. "डाक्टरनीनं काम सांगितलंय," असं म्हणून आजीनं माझ्याकडून घरातली राहिलेली सगळी कामं करून घेतली, त्यात काही शेजारच्यांचीही होती. लिंबाखाली फरशीची तपासणी चालूच होती. एके दिवशी सगळी रांग गुळाकडं वळली आणि माझ्या फरशीकडं एक मुंगीही फिरकली नाही. आजी मिशेरी थुंकून म्हणाली, "मुंग्यांनी पास केली. आता कंपनीचं बगू."

आणि ती स्वतः आली. आबा, दादा, मी, कुणाचंही न ऐकता, ठेवणीतलं लुगडं नेसून बसमध्ये बसली. कंपनीच्या फाटकातून आत तोडे वाजत गेले तेव्हा वॉचमन नकळत उठून उभा राहिला. आधी बाटली. निळं औषध तापलं, उकळलं, आणि निळंच राहिलं. मग काटा. मी श्वास भरून घेतला, जणू हवेलाही वजन असतं. सुई वर वर गेली आणि रेघेच्या खाली, अगदी थोडी खाली, थांबली. बाई वाकून बघत राहिल्या. माझ्या डोळ्यांसमोर गिरणीचा पट्टा फिरायला लागला.

"बाई," आजी म्हणाली, "आमच्यात पोरीला डागिन्यांसकट तोलत्यात."

असली काही रीत आमच्यात नव्हती, कुणाच्यातच नसावी. पण आजी तोवर जमिनीवर बसली होती आणि तोडे पिळून पायांतून काढत होती. घोट्याशी कातडी पांढरी पडली होती, इतक्या वर्षांत तिथं ऊन लागलं नव्हतं. ती मला म्हणाली, "पाय कर फुडं." हे तोडे माझ्या लग्नात मला मिळायचे होते, सगळ्या घराला ते माहीत होतं. ते तिनं कंपनीच्या काट्यावर, माझ्या काटक्यांसारख्या पायांत, पिळून बसवले. सुई रेघेवर आली. वर नाही, बरोबर रेघेवर. कंपाउंडर म्हणाला, "बाई, हे नियमात..." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दागिने काढून ठेवायचे, असं नियमात कुठं आहे का?" आणि सही केली. मग आजीकडं बघून, "हिच्या पोटाला असंच जपा. गोडाचं मात्र आयुष्यभर सांभाळायला लागेल."

आयुष्यभर वगैरे कोण ऐकतंय! मला निळी साडी मिळाली, घड्याळ मिळालं, रस्त्यात मोठ्यानं हसायला मिळालं, आणि कंपनीचं कँटीन मिळालं. दर शनिवारी गोड असायचं. काटक्या काही काटक्या राहिल्या नाहीत, आणि मडकं तर रांजण झालं. चाळिशीत साखर आली ती पाहुणी म्हणून, आता घरजावई होऊन बसली आहे. तो नातवाच्या वयाचा डॉक्टर मला समजावून सांगतो, "आजी, आईच्या पोटात कमी मिळालं की बाळाचं अंग तिथंच काटकसर शिकतं. हातापायांना कमी देतं, चरबी जपून ठेवतं. पुढं दुष्काळच आहे अशा तयारीनं ते जगात येतं." मी म्हटलं, "आणि येऊन बघतं तर श्रीखंड." तो म्हणाला, "अगदी. म्हणजे सगळं खापर त्यावरच फोडता येत नाही हं, तुमचं कँटीनही आहेच त्यात." डॉक्टर हुशार आहे. त्यालाही एक दिवस लाडू खायला बोलवायचंय.

दादाचं लग्न झालं आणि वहिनीला दिवस गेले तेव्हा मी कंपनीत चांगली रुळले होते. सातवा सरला. रीत ठाऊक असलेल्या शेजारणी आजीकडं बघायला लागल्या. आजीचे पाय तोवर उघडेच होते. तोडे माझ्याकडून परत घ्यायला ती तयार नव्हती, त्यामुळं ती कुठं आहे ते घरात कुणालाच कळत नसे आणि दादाची फार पंचाईत व्हायची. ती वहिनीच्या ताटापाशी बसायची, पुरी भाकरी वाढायची, वर दुसरी. वहिनी घाबरून म्हणायची, "आजी, बाळाचं डोकं मोठं होईल." आजी म्हणायची, "व्हऊ दे. डोकं आसलेलं बरं. आमच्या घरात कुनाला हाय?"

डोकं खरंच मोठं झालं. दवाखान्यात वहिनीनं असा आरडाओरडा केला की बाहेर बाकावर आजी कानात बोटं घालून बसली आणि मला म्हणाली, "मी आदीच म्हनलं व्हतं, अर्धी भाकरी बरी." मग आतून दुसरं रडणं ऐकू आलं, चांगलं दणदणीत, आणि तिनं बोटं काढली. तो मुलगा आता पन्नाशीजवळ आलाय, चाकणला त्याचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे, आणि साखर तपासली की दर वेळी स्वच्छ. माझ्यासमोर बसून श्रीखंडाची वाटी चाटतो, गुलाम.

दुसऱ्या दिवशी नर्स त्याचं वजन करायला आली. दुपट्यातून बाळ उचललं तर त्याच्या इवल्या पायात चांदीचे वाळे. आजीनं कधी घातले कुणी पाहिलं नव्हतं. नर्स वैतागली, "आजी, हे काढा, वजन चुकतं." आजी बाळाला घट्ट धरून म्हणाली, "आमच्यात डागिन्यांसकट तोलत्यात." नर्सनं कपाळाला हात लावला आणि तसंच तोललं. काटा बघितला, पुन्हा बघितला, म्हणाली, "अहो, वाळ्यांचं काय घेऊन बसलात, चांगलं भरलंय की बाळ!"

आजीनं स्वतः वाकून काटा बघितला. तिला आकडे वाचता येत नव्हते. तरी बघत राहिली. मग तिनं एका एका पायातला वाळा हळूच काढला, पदराच्या गाठीत बांधला आणि म्हणाली, "मंग ऱ्हाऊ दे. ह्याला गरज न्हाई."